चिखलबोडीच्या पाण्याच्या सात पिढ्या

मौजे चिखलबोडी येथील तलावात पाणी आहे, ही बाब नऊ जुलैच्या सकाळी साडेदहापर्यंत कोणालाही वादग्रस्त वाटत नव्हती. गावातल्या म्हशींना ती मान्य होती. बगळ्यांचा आक्षेप नव्हता. तलाव काठोकाठ भरून सांडव्यावरून वाहत होता आणि त्या वाहण्यावर कोणाचीही सही नव्हती.

साडेदहाला चिखलबोडी मच्छीमार सहकारी संस्थेचे अध्यक्ष इस्तारी दिघोरे ब्रह्मपुरीच्या संयुक्त सत्यकोश कक्षाच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. त्यांना जलधारणा उतारा हवा होता. तलावात पाणी असल्याचा तो उतारा हाती असल्याशिवाय तलावात मत्स्यबीज सोडता येत नाही, असा नवा नियम होता. बाहेर आवारात त्यांची जीप उभी होती. जीपमध्ये प्राणवायू भरून बांधलेल्या साठ प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, प्रत्येक पिशवीत रोहू-कटल्याची बोटाएवढी हजार पिल्ले, म्हणजे बोटुकली, होती, आणि त्या पिशव्यांच्या मधोमध, पाय ठेवायला जागा नसल्यामुळे मांडी घालून, इस्तारीभाऊंची बायको गिरजाबाई बसली होती. बीजकेंद्राच्या माणसाने पिशव्या देताना एवढेच सांगितले होते की हवा दिवस मावळेपर्यंत पुरेल. पुढचे त्याने सांगितले नव्हते, कारण ते सांगावे लागत नाही. संस्थेच्या बेचाळीस घरांचे अख्खे साल त्या जीपमध्ये तोंडाची उघडझाप करत होते.

खिडकीच्या आत हर्षा खोब्रागडे बसली होती. तिने प्रश्न टाइप केला: कोणकोणते तलाव पाणी धारण करतात? उत्तर दोन दशांश सेकंदांत आले. उत्तर होते शून्य.

"उतारा निघत नाही, इस्तारीभाऊ."

"काऊन जी?"

"तलावात पाणी नाही, असं दाखवतंय."

इस्तारीभाऊ हसले. शिकलेली पोरगी थट्टा करते आहे, असा त्यांचा समज झाला. "बाई, पाण्यातूनच तं आलो जी मी. सांडवा वाह्यून राह्यला. हा पॅन्ट पाहा."

पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली होती. हर्षाचा पॅन्टवर पूर्ण विश्वास बसला. परंतु पॅन्ट नोंदवण्याची सोय नव्हती.

वास्तविक सत्यकोश ही हर्षाची आवडती गोष्ट होती. पूर्वी प्रत्येक खात्याच्या प्रत्येक नोंदवहीला चौदा रकाने असत आणि त्यांतले अकरा रिकामे असत. एकाच तलावाचे नाव सिंचन खात्यात एक, मत्स्य खात्यात दुसरे आणि महसुलात 'वरीलप्रमाणे' असे असे. सत्यकोशाने हा सगळा पसारा मोडून एकच नियम केला: जगातली प्रत्येक गोष्ट तीन पदांत सांगायची. कर्ता, संबंध, कर्म. 'चिखलबोडी तलाव – धारण करतो – पाणी.' संपले. अशा ओळीला त्रिपद म्हणत. रकाने नाहीत, रिकाम्या जागा नाहीत, 'वरीलप्रमाणे' नाही. एका त्रिपदाचे कर्म दुसऱ्याचा कर्ता होते आणि दोन जिल्ह्यांतली गावे, तलाव, रस्ते, माणसे एका जाळ्यात आपोआप विणली जातात. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात एमएस्सी करताना हर्षाने असे जाळे फळ्यावर पाहिले होते. ते पगारावर विणायला मिळेल, आणि तेही कंत्राटी पगारावर, असे तिला वाटले नव्हते.

उत्तरे झटपट मिळावीत म्हणून तिने प्रत्येक त्रिपद सहा प्रकारे लावून ठेवले: आधी कर्ता, आधी संबंध, आधी कर्म, आणि त्यांची उलटसुलट. प्रश्न कोणत्याही टोकाने येवो, उत्तर समोरच्या फळीवर. फळी हा शब्द तिने समजावण्यासाठी वापरला होता. कक्षप्रमुख वामनराव बोरकरांनी सहा लोखंडी कपाटे मागवली. तेव्हापासून प्रत्येक त्रिपद छापून सहाही कपाटांत लावले जाऊ लागले. चौथे कपाट दाराआड येत असल्यामुळे कर्मापासून सुरू होणाऱ्या प्रश्नांसाठी आधी दार बंद करावे लागे. तरीही एकूण बरे चालले होते.

मग मुलचेऱ्याला समुद्र आला.

कोणीतरी, कधीतरी, त्या जंगलातल्या तालुक्याच्या नावे 'मुलचेरा – धारण करतो – समुद्र' अशी ओळ भरली. जाळे इतके उत्तम विणलेले होते की त्या एका ओळीचे सर्व तार्किक परिणाम तीन दिवसांत घडून आले. मुलचेऱ्याला किनारपट्टीचा दर्जा मिळाला. तहसीलमध्ये तीनशे जीवरक्षक जाकिटे पोहोचली. दीपगृहासाठी जागा पाहायला एक अधिकारी आले आणि भातखाचराकडे बघत, आत्ता ओहोटी असावी, असा अहवाल देऊन गेले. चौकशी लागली. ही ओळ कोणी भरली? सत्यकोशाला ते माहीत नव्हते. त्याला फक्त समुद्र माहीत होता.

तेव्हा वामनरावांनी परिपत्रक काढले. त्यांची सत्तावीस वर्षे जुन्या अभिलेखांत गेली होती. "जमिनीचे वारस आपण सात पिढ्या काढतो. तथ्य काय रस्त्यावर सापडलं? त्याला बाप नको?" प्रत्येक त्रिपदाचा सांगणारा नोंदवावा, असा हुकूम झाला.

आता तीन पदांच्या ओळीत चौथी गोष्ट शिरत नाही. त्यावर शास्त्रात एक तोड आहे. ओळीलाच एक क्रमांक द्यायचा, आणि त्या क्रमांकाविषयी नव्या ओळी लिहायच्या. म्हणजे असे:

विधान ४१७ – प्रकार – विधान.
विधान ४१७ – कर्ता – चिखलबोडी तलाव.
विधान ४१७ – संबंध – धारण करतो.
विधान ४१७ – कर्म – पाणी.
विधान ४१७ – सांगणारा – इस्तारी दिघोरे.

एका ओळीच्या पाठीशी पाच ओळी. हर्षाने ते निमूटपणे केले. वामनरावांनी पाचही ओळी बोट ठेवून वाचल्या आणि विचारले, "आणि या पाच ओळी कोणी सांगितल्या?"

प्रश्न तर्कशुद्ध होता, हीच त्यातली अडचण होती. पाच ओळी हीसुद्धा पाच तथ्येच. त्या प्रत्येकीमागे पाच. त्या पंचविसांमागे प्रत्येकी पाच. हर्षाने विचारले, हे कुठे थांबवायचे? वामनराव म्हणाले, सात पिढ्यांवर. प्रशासन अमानुष नसते. सातव्या पिढीचा सांगणारा म्हणून त्यांनी स्वतःचे नाव दिले. वामनरावांनी सांगितले हे कोणी सांगितले, हा प्रश्न परिपत्रकाच्या तळटीपेत उद्धटपणा म्हणून वर्ग केलेला होता.

हर्षाने हिशेब मांडून दाखवला. चिखलबोडीच्या पाण्याच्या एका त्रिपदाच्या झाल्या सत्त्याण्णव हजार सहाशे छप्पन्न ओळी. सहा प्रकारे लावल्यावर पाच लाख पंच्याऐंशी हजार नऊशे छत्तीस. तलावात तेव्हा एवढी बोटुकलीसुद्धा नव्हती. पूर्वी दोन दशांश सेकंदांत मिळणारे उत्तर एक्केचाळीस मिनिटांत मिळू लागले. सातव्या कपाटाची मागणी गेली. मागणी करणारा कोण, याच्या सात पिढ्या भरण्याचे काम सुरू झाले.

वरून पत्र आले: साठवण कमी करा, वेग वाढवा. वामनराव दोन दिवस पाचही ओळींकडे बघत राहिले. आठ जुलैला, कार्यालय सुटायच्या पंधरा मिनिटे आधी, त्यांना ते दिसले. पहिल्या मूळ ओळीत तलाव आहे, धारण करणे आहे, पाणी आहे. क्रमांक ४१७ च्या ओळींतही तलाव आहे, धारण करणे आहे, पाणी आहे. म्हणजे मूळ ओळ द्विरुक्त! त्यांनी दोन्ही जिल्ह्यांतल्या सर्व द्विरुक्त ओळी काढून टाकण्याचा आदेश दिला आणि पावणेसहाच्या बसने घरी गेले. सत्त्याण्णव हजार सहाशे छप्पन्न ओळींत बचत झाली एका ओळीची. ती ओळ म्हणजे तथ्य होते.

नऊ तारखेच्या सकाळी सत्यकोश पुन्हा विजेसारखा धावू लागला, कारण त्याच्यापाशी सांगण्यासारखे काहीच उरले नव्हते. कोण काय म्हणाले याच्या अब्जावधी ओळी होत्या. काय आहे, याची एकही नव्हती.

हर्षा वामनरावांच्या टेबलाशी गेली. मागून इस्तारीभाऊही आत आले. त्यांच्या हातात मोबाइल होता.

"सर, मूळ ओळी परत आणाव्या लागतील. त्या द्विरुक्त नव्हत्या."

"तलाव, धारण, पाणी. तिन्ही शब्द तिकडेही आहेत."

"तिकडे एवढंच आहे की असं एक विधान आहे आणि ते इस्तारीभाऊंनी केलं. ते खरं आहे, असं कोणतीच ओळ म्हणत नाही. समजा, मी लिहिलं की वामनराव सरांना शिंगं आहेत असं बिरजू म्हणतो. तेवढ्यानं तुम्हाला शिंगं फुटत नाहीत."

"कोण बिरजू?"

"उदाहरण आहे, सर."

"त्याला नोटीस काढा."

इस्तारीभाऊंनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर सांडवा धो धो वाहत होता. "साहेब, हे सकाळचं आहे जी. आवाज आयका पाण्याचा."

वामनरावांनी पूर्ण एक मिनिट आवाज ऐकला. "हा व्हिडिओ आहे," ते म्हणाले. "यात पाणी आहे असं दिसतं. दिसतं, असं तुम्ही म्हणता. म्हणता, असं मी ऐकलं. तीन पिढ्या झाल्या. उरलेल्या चार आणा."

"सर, त्यापेक्षा सोपी रीत आहे," हर्षा घाईने म्हणाली. "ओळीलाच चौथा रकाना द्यायचा. सांगणाऱ्याचा. मूळ ओळ जागेवर राहील, सांगणारा तिच्या शेपटीला. एक तथ्य, एक ओळ. दुपारपर्यंत मी करून देते."

"योजनेचं नाव त्रिपद आहे, खोब्रागडे. चार पायांची प्रकरणं पशुसंवर्धनकडे जातात."

तेवढ्यात गिरजाबाई पदर खोचून दारात आली. आवारातल्या नळाचे पाणी तांब्याने पिशव्यांवर शिंपडून तिचे हात दुखत होते. "बोटुकली तोंड वर करून राह्यली तिकडं," ती म्हणाली, "अन् इथी साहेबाच्या पोटातलं पाणी हालून नाई राह्यलं!"

"कोणतं पाणी?" वामनरावांनी दचकून विचारले. "त्याची नोंद आहे का?"

"घ्या! आता याच्या पोटाचाबी उतारा लागते!"

"गिरजे, गप बस वो," इस्तारीभाऊ पुटपुटले. "साहेब आहेत थे."

"साहेब आहेत हे तुले कोनं सांगतलं?" गिरजाबाई म्हणाली आणि पुन्हा जीपकडे गेली. हर्षाला वाटले, संपूर्ण परिपत्रक कक्षात एकट्या याच बाईला नीट समजले आहे.

बारा वाजता सत्यकोशाची रोजची आपोआप तपासणी झाली. दोन जिल्ह्यांत पाणी धारण करणारे तलाव किती? शून्य. नियमानुसार बारा वाजून एक मिनिटाने दोन्ही जिल्ह्यांत टंचाई घोषित झाली. बाहेर वैनगंगा दुथडी भरून वाहत होती; तिची ओळही काल द्विरुक्त ठरली होती. बारा वाजून चार मिनिटांनी पहिल्या टँकरचा आदेश निघाला. यादीत पहिले नाव चिखलबोडी होते, कारण पाणी नसल्याची सर्वांत ताजी चौकशी तिथली होती.

सव्वादोनला टँकरचालक मंगरूचा फोन आला. हर्षाने तो सर्वांना ऐकू जाईल असा ठेवला.

"मॅडम, मी मंगरू बोलून राह्यलो. मले ऑर्डर आहे, चिखलबोडीच्या तलावात पाणी टाकाचं. पण भरू कुठून?"

"आदेशात काय आहे?"

"जवळच्या जागेवरून भरा, असं आहे. जवळ तं हाच तलाव आहे जी. मी पाळीवरच, बांधावरच उभा आहो."

वामनराव पुढे झुकले. "अंतर किती?"

"शून्य किलोमीटर, साहेब."

"उत्तम. डिझेल वाचेल."

"म्हंजे इथूनच भरू अन् इथीच ओतू?" मंगरूने विचारले. त्याच्या पाठीमागे सांडव्याचा आवाज येत होता. "किती खेपा करू?"

"टंचाई संपेपर्यंत," वामनराव म्हणाले.

हर्षाच्या मनात मात्र दुसरेच काही लख्खकन उजळले. परिपत्रकाच्या नवव्या कलमात एक सवलत होती. टंचाईकाळातल्या नोंदींना पिढ्या लागत नसत. तहानलेल्याला सात पिढ्या थांबवता येत नाही, असे खुद्द वामनरावांनीच एका हळव्या क्षणी त्यात लिहिले होते. टँकरवाल्याने भरले म्हटले की भरले. ओळ थेट कोशात जाई: उघडी, एकटी, बिनबापाची.

"मंगरूभाऊ," ती फोनवर जवळजवळ ओरडलीच, "आधी भरा आणि नोंद टाका. कुठून भरलं ते तलावाच्या नावासकट. आत्ताच्या आत्ता. ओतायचं नंतर पाहू."

दोन वाजून अडतीस मिनिटांनी सत्यकोशात ओळ उमटली: 'चिखलबोडी तलाव – धारण करतो – पाणी.' हर्षाने प्रश्न टाकला. दोन दशांश सेकंदांत उत्तर आले: एक. टंचाई होती म्हणून टँकर होता, टँकर होता म्हणून पाणी होते, आणि पाणी होते म्हणून टंचाईतसुद्धा उतारा निघाला. वामनरावांनी उतारा वरपासून खालपर्यंत तपासला. त्यात दोष नव्हता. दोष सापडत नाही याचे त्यांना खूप वाईट वाटले, पण त्यांनी सही केली.

हर्षाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि जीपच्या मागच्या फळीवर जाऊन बसली. चिखलबोडीच्या पाळीवर मंगरूचा टँकर सातव्यांदा भरून सातव्यांदा रिकामा होत होता. पोरे टाळ्या वाजवत होती आणि म्हशी विस्मयाने बघत होत्या. इस्तारीभाऊंनी पिशव्या न सोडता तशाच पाण्यावर तरंगत ठेवल्या. आतले पाणी आणि बाहेरचे पाणी सारखे होऊ द्यावे लागते, नाहीतर बोटुकलीला धक्का बसतो. अर्धा तास पिशव्या पाण्यावर डुलत राहिल्या. मग त्यांनी एकेका पिशवीची गाठ सोडली. साठ हजार बारीक सावल्या क्षणभर घुटमळल्या आणि कोणालाही न विचारता खोल निघून गेल्या.

"देव पावला," गिरजाबाई म्हणाली. हर्षाने त्या विधानाला क्रमांक दिला नाही.

दहा जुलैची सकाळ उजाडली तेव्हा पाळीवर त्रेसष्ट टँकर उभे होते. दोन जिल्ह्यांत पाणी धारण करणारे तलाव किती, या प्रश्नाला सत्यकोश आता 'एक' असे उत्तर देत होता, आणि टंचाई मात्र कायम होती. मंगरूने निदान पाणी तिथेच ओतले होते. हे टँकर ते घेऊन जाणार होते. कोणी अहेरीला, कोणी सिरोंच्याला, एक तर थेट मुलचेऱ्याला, जिथे कागदोपत्री समुद्र आटल्यामुळे हाहाकार उडाला होता. पहिल्या टँकरने पाइप सोडला तशी पाइपाच्या जाळीत तीन बोटुकली अडकून तडफडू लागली.

इस्तारीभाऊ धापा टाकत खिडकीशी आले. "बाई, उतारा द्या जी! तलावात पाणी नसल्याचा!"

हर्षाने कालच्या त्याच माणसाकडे पाहिले. पॅन्ट आज कंबरेपर्यंत ओली होती. ती त्यांना वामनरावांकडे घेऊन गेली. आज निदान सात पिढ्या तरी लागतील, संध्याकाळ होईल, तोवर तलावात चिखल उरेल, असा तिचा अंदाज होता. वामनरावांनी मान वर न करता अर्ज घेतला, शिक्का मारला, सही केली आणि परत दिला. चार मिनिटे लागली.

"सर," हर्षा म्हणाली, "सांगणारा? पिढ्या?"

"'आहे' म्हणणाऱ्याला पुरावा लागतो, खोब्रागडे," वामनराव समजुतीने म्हणाले. "'नाही' म्हणायला कार्यालय समर्थ आहे."

कागद पाहून त्रेसष्ट टँकर एका रांगेत शिस्तीने वळले आणि पाणी शोधायला निघून गेले. जाताना पुढच्या टँकरचे चाक सांडव्याच्या पाण्यात रुतले. बाकीच्या बासष्टांनी ते ढकलून काढले, आणि पाय पुसून पुन्हा टंचाईच्या कामाला लागले.

तेव्हापासून चिखलबोडीचा तलाव दोन उताऱ्यांवर चालतो. मत्स्य खात्याचा माणूस आला की संस्था एक दाखवते, टँकरवाला आला की दुसरा. दोन्ही खरे आहेत. दोन्हींवर एकाच माणसाची सही आहे. हर्षाने चौथ्या रकान्याचा प्रस्ताव रीतसर सादर केला असून तो सध्या तिसऱ्या पिढीत आहे.

आणि बोटुकली वाढली. फेब्रुवारीत पहिले जाळे ओढले तेव्हा रोहू पाऊण-पाऊण किलोचे निघाले. बुधवारी सकाळी गिरजाबाई टोपली घेऊन ब्रह्मपुरीच्या बाजारात बसली. टोपलीशी सर्वांत आधी पोहोचले ते वामनराव. त्यांनी मासा बोटाने दाबला, कल्ला उचकून पाहिला, त्यातले आपल्याला काही कळते असा चेहरा केला आणि विचारले, "ताजी आहे ना?"

"आत्ताच काढली जी."

"तलावाचीच ना?"

"नाई तं काय!"

वामनरावांनी पिशवी पुढे केली. कोण सांगते, तिला कोणी सांगितले, पाणी कोठले, काही नाही. सांगणारी तीच, विकणारी तीच, आणि तिचा शब्द पहिल्याच पिढीत पुरला.

शेजारी भाजी घेत उभ्या असलेल्या हर्षाला हसू फुटले. आपल्यालाही फुटले असेल. मात्र हसण्यापूर्वी, वामनरावांच्या मागे रांगेत पिशवी उघडून कोण उभे होते, तेही पाहावे: आपणच. समोरचा आपल्याला काही विकत असतो तेव्हा त्याचा शब्द आपल्याला पुरतो. जाहिरातीतला डॉक्टर, फोनवर फिरून आलेला काढा, सभेतले आश्वासन यांपैकी कोणाची एकही पिढी आपण कधी काढलेली नाही. 'हे कोणी सांगितलं?' हा प्रश्न आपण जपून ठेवतो तो फक्त खिडकीच्या पलीकडे ओल्या पॅन्टने उभ्या असलेल्या माणसासाठी.